पंचवीस पानांतून गळलेला मुलगा

ॲबसलम सायडनस्ट्रिकर नावाचा एक अमेरिकन मिशनरी चीनमध्ये पन्नास वर्षं राहिला. म्हातारपणी त्याने आपल्या आयुष्याची हकीकत लिहून काढली. ती पंचवीस पानांत संपली. त्यात आपलं लग्न झाल्याचा उल्लेख एकदा येतो. मुलांची यादी एकदा येते. आणि त्या यादीत एक मुलगा राहून गेलाय. पाचेक वर्षांचा होऊन वारलेला, आईचा सगळ्यात लाडका मुलगा. बापाला तो आठवलाच नाही.

हे आपल्याला कळतं, कारण त्याच घरातल्या मुलीने ती पंचवीस पानं वाचली आणि पुढे बापावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुलीचं नाव पर्ल बक.

पर्ल बक म्हटलं की 'द गुड अर्थ' आठवते. १९३१ची कादंबरी, १९३२ साली पुलित्झर, मग १९३८ साली लेखिकेला नोबेल. पण नोबेलच्या मानपत्रात दोन गोष्टींचा गौरव आहे. एक, चिनी शेतकऱ्यांच्या आयुष्याची चित्रणं. दुसरी, तिने लिहिलेली चरित्रं. ती चरित्रं म्हणजे आईवरचं 'द एक्झाइल' आणि वडिलांवरचं 'फायटिंग एंजल'. दोन्ही १९३६ साली आली. 'गुड अर्थ' अजूनही रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडते. ही दोन मात्र कुणी वाचताना दिसत नाही. मीसुद्धा ती मुद्दाम शोधली नव्हती. एकात आई आणि दुसऱ्यात बाप, आणि दोन्हींत संसार मात्र एकच, एवढं कळल्यावर राहवलं नाही.

पुस्तकांत बापाचं नाव ॲन्ड्र्यू आहे आणि आईचं कॅरी. घरातल्या मोठ्या मुलीला, म्हणजे स्वतःला, लेखिका 'कम्फर्ट' म्हणते. मीही पुढे हीच नावं वापरतो.

गोष्ट थोडक्यात अशी. दोघंही आजच्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातले, दोघंही कट्टर प्रेस्बिटेरियन घरांतले. कॅरीचं घराणं धर्माच्या मोकळिकीसाठी हॉलंड सोडून अमेरिकेत आलेलं. म्हणजे देवासाठी देश सोडणं ही त्या घरात नवी गोष्ट नव्हती. कॅरीची आई क्षयाने गेली. तिच्या मरणाच्या वेळी कॅरीने देवाकडे खूण मागितली आणि खूण दिलीस तर आयुष्य तुझ्या कामाला देईन असं कबूल केलं. ॲन्ड्र्यूला असली खूणबिण लागली नाही. त्याला चीनला जायचं होतं. त्याच्या आईने अट घातली की बायको केल्याशिवाय जायचं नाही, म्हणून त्याने बायको केली. १८८० साली लग्न झालं आणि लगेच दोघं निघाली. लग्नानंतरच्या पहिल्या आगगाडीच्या प्रवासात ॲन्ड्र्यूने तिकीट काढलं ते एकच. आपल्याबरोबर आता आणखी एक माणूस आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

चेष्टा म्हणून सांगावी अशीच ही गोष्ट आहे. मुलगीही ती जवळजवळ तशीच सांगते. पण पुढची चाळीस वर्षं त्या एका तिकिटावरच चालली आहेत.

सात मुलं झाली, चार दगावली. त्यातली तिघं पर्लच्या जन्माआधीच गेली होती. एक तान्ही मुलगी जहाजावर वारली. तिला समुद्रात सोडू द्यायला कॅरी तयार झाली नाही, तिने ते कलेवर शांघायपर्यंत नेऊन तिथे पुरलं. कॉलरा, घटसर्प, ऊन, यांगत्सेच्या काठची दमट हवा. घरं सारखी बदलत होती, कारण ॲन्ड्र्यूला सतत आणखी आत, आणखी दूर जायचं असायचं. पर्ल १८९२ साली जन्मली ती आईवडील रजेवर अमेरिकेत गेले असताना, आणि काही महिन्यांचीच असताना चीनला आली. नंतर बरीच वर्षं हे कुटुंब यांगत्सेकाठच्या झेंजियांग शहरात होतं. कॅरी १९२१ साली तिथेच वारली. ॲन्ड्र्यू आणखी दहा वर्षं जगला.

आता पुस्तकांकडे येऊ.

'द एक्झाइल' आधी लिहिलं गेलं. आई गेल्यावर थोड्याच दिवसांत, छापण्यासाठी नव्हे तर घरातल्यांसाठी, आजी कोण होती हे पुढच्या मुलांना कळावं म्हणून. मग ते हस्तलिखित बरीच वर्षं पडून होतं. हे माहीत असलं की पुस्तकाची चाल कळते. हे प्रेताजवळ बसून केलेलं बोलणं आहे. अशा वेळी आपण माणसाबद्दल खोटं बोलत नाही, पण निवडून बोलतो.

पुस्तक सुरू होतं एका चित्राने. चिनी शहराच्या मधोमध आईने लावलेली अमेरिकन बाग, आणि त्या बागेत उभी असलेली आई. हे चित्र मग पुस्तकभर परत परत येतं. नवीन घर मिळालं, मग ते खानावळीवरची खोली असो की शहराबाहेरचा पडका वाडा, कॅरी पहिल्यांदा भिंतींना पांढरा रंग काढते, खिडक्यांना पडदे लावते, माती उकरून फुलझाडं लावते. ऑर्गन कुठे ठेवायचा ते ठरवते. आणि हे सगळं बसलं की ॲन्ड्र्यू सांगतो, आता इथून पुढे जायचंय.

या पुस्तकातला सगळ्यात गाजलेला प्रसंग चहाचा. दुष्काळाचं वर्ष आहे. पाऊस पडत नाही तो या परदेशी लोकांमुळे, देव रागावलेत, असं गावात पसरलंय. ॲन्ड्र्यू दौऱ्यावर. घरात कॅरी, लहान मुलं आणि मुलांची दाई वांग आमा. रात्री येऊन यांना मारायचं असा बेत वांग आमाच्या कानावर येतो. कॅरी पळत नाही. ती केक भाजते, चहाचे पेले मांडते, मुलांना उठवून चांगले कपडे घालते, दिवा लावते आणि दार उघडं ठेवते. माणसं हत्यारं घेऊन येतात तेव्हा ती त्यांना शेजाऱ्यांसारखं आत बोलावते, या, चहा घ्या. मुलं जमिनीवर खेळतायत. माणसं अवघडतात, चहा पितात, मुलांकडे बघतात, निघून जातात. आणि त्याच रात्री पाऊस पडतो.

मला हा प्रसंग वाचताना अंगावर काटा आला हे आधी कबूल करतो. मग दुसऱ्यांदा वाचला तेव्हा पावसापाशी अडखळलो. पर्ल तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती. म्हणजे हा प्रसंग तिने पाहिलेला नाही, ऐकलेला आहे. आईने रात्री अंथरुणात सांगितलेला, पुन्हा पुन्हा सांगून गुळगुळीत झालेला. प्रत्येक घरात अशी एक गोष्ट असते. आमच्याकडे आजीने चोराला जेवायला घातल्याची आहे, आणि दर पाच वर्षांनी त्या जेवणात एक पदार्थ वाढतो. प्रसंग खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. पण इथे लेखिका चरित्रकार म्हणून एक पाऊलही मागे सरकत नाही. आई सांगते तशी गोष्ट सांगते, आईच्या सुरात सांगते. 'द एक्झाइल'चं बळ यात आहे आणि त्याची कमजोरीही यातच आहे. मुलगी आईच्या इतकी जवळ बसलीय की आईचा चेहरा तिला नीट दिसत नाही.

कॅरीने केलेलं काम या पुस्तकात आहे, पण ते फुलझाडांच्या मागे झाकलं जातं. बायका तिच्याकडे यायच्या. औषध मागायला, डोळे दाखवायला, आजारी पोर दाखवायला, आणि बहुतेकदा नुसतं बोलायला. ती त्यांना वाचायला शिकवायची. ती ऐकायची, रडायची आणि करता येईल ते करायची. ॲन्ड्र्यू गावोगाव फिरून आत्मे वाचवत होता. पहिल्या काही वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कॅरीच्या ओसरीवर किती बायका येऊन गेल्या याची नोंद कुठल्याच अहवालात नसणार, कारण त्या कामाचा रकानाच नव्हता. पगार ॲन्ड्र्यूचा, नेमणूक ॲन्ड्र्यूची, सभेत बोलायचा अधिकार ॲन्ड्र्यूचा. संत पौलाने बायकांनी मंडळीत गप्प बसावं असं लिहून ठेवलंय आणि ॲन्ड्र्यूला ते अक्षरशः मान्य होतं. आईचं तेज त्यामुळे कसं विझत गेलं हे पाहिल्यापासून आपल्याला पौलाचा मनापासून राग आहे, असं मुलगी 'द एक्झाइल'मध्ये सरळ म्हणते.

हे वाचताना मला व्हिसाच्या फॉर्मवरचा 'डिपेंडंट' हा शब्द आठवत राहिला. माझ्या वयाच्या इंजिनिअरांना हा शब्द ओळखीचा आहे. मित्र ऑनसाइट जातो, बायको एच-फोरवर जाते. तिची डिग्री आणि नोकरी इथे राहते, आणि तिथे ती घर लावते. पडदे, कुंड्या, कढीपत्त्याचं रोप. व्हिडिओ कॉलवर कुंडी दाखवतात तेव्हा आपण 'मस्त' म्हणतो. पण मला ही तुलना फार ताणायची नाही, कारण एका जागी ती तुटते. कॅरी ॲन्ड्र्यूच्या मागे फरफटत गेलेली नाही. शपथ तिने स्वतः घेतली होती, ॲन्ड्र्यू भेटायच्या आधी. आणि बापाचा विरोध मोडून ती गेली होती.

माझं 'द एक्झाइल'शी मुख्य भांडण इथे आहे. पुस्तकाचं नावच सांगतं की ही बाई हद्दपार होती, तिचं मन सदैव अमेरिकेत होतं आणि चीन ही तिची शिक्षा होती. मुलीला हे असं हवं आहे. आई बळी असली की हिशोब सोपा होतो. पण पुस्तकातले तपशील मुलीच्या या म्हणण्याला साथ देत नाहीत. रजेवर अमेरिकेत गेल्यावर कॅरीला आपला देश आठवणीत होता तसा सापडत नाही. दारात येणाऱ्या चिनी बायकांना ती परकी वाटत नाही. देवाने खूण दिली का याबद्दल तिला जन्मभर शंका होती, हे मात्र खरं असावं, आणि पुस्तकातली सगळ्यात प्रामाणिक पानं ती आहेत. नवऱ्याला देव रोज भेटत होता आणि बायकोला एकदाही नाही, आणि तरी काम तीच करत राहिली. ही हद्दपारी आहे, पण ती व्हर्जिनियापासूनची नाही.

आता 'फायटिंग एंजल'. हे पुस्तक आईवरच्या पुस्तकानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिलेलं. मधल्या काळात खूप काही घडून गेलं होतं. पर्लची स्वतःची मुलगी मतिमंद निघाली होती. स्वतःचं लग्न मोडलं होतं. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये प्रेस्बिटेरियन बायकांपुढे भाषण करून तिने परदेशी मिशनऱ्यांच्या अज्ञानावर आणि तोऱ्यावर जाहीर टीका केली होती, आणि त्या वादळानंतर १९३३ साली मिशनचा राजीनामा दिला होता. १९३४ साली तिने चीन सोडला. इतकं झाल्यावर तिने बापाबद्दल लिहिलं. वाचणाऱ्याला वाटणार, आता बापाची खैर नाही.

आणि इथे ती थंड डोक्याने लिहिते. ॲन्ड्र्यूला ती शिव्या देत नाही, त्याची बाजूही घेत नाही. नुसतं दाखवते. उंच, सडपातळ माणूस, चिनी झगा घातलेला, सुरुवातीची काही वर्षं चिनी पद्धतीची वेणीसुद्धा ठेवलेला. दगड खाल्ले, थुंकी झेलली, तरी दुसऱ्या दिवशी त्याच गावात हजर. त्याला भीती वाटत नसे, कारण स्वतःबद्दल त्याला फारसं काही वाटतच नसे. आपण पाहिलेल्या माणसांत तो सर्वांत सुखी होता असं मुलगी म्हणते. मला हे पुस्तकातलं सगळ्यात भयंकर विधान वाटतं, आणि ते अगदी सहज येऊन जातं. चार मुलं पुरलेल्या घरातला एक माणूस संपूर्ण सुखी होता.

या पुस्तकात विनोदही आहे, जो आईच्या पुस्तकात अधूनमधूनच दिसतो. मिशनऱ्यांची आपापसांतली भांडणं ती ज्या पद्धतीने लिहिते ती वाचावीत. ॲन्ड्र्यूच्या इलाख्यात एक एकाक्ष बॅप्टिस्ट घुसतो आणि ॲन्ड्र्यूने पाणी शिंपडून ख्रिस्ती केलेल्या लोकांना सांगतो, असा बाप्तिस्मा चालत नाही, पूर्ण बुडवायला हवं. झालं. अख्खा चीन पडलाय वाचवायला, पण ही दोन माणसं शिंपडणं की बुडवणं यावरून वर्षानुवर्षं एकमेकांची मेंढरं पळवतायत. ज्याने कुठल्याही टीममध्ये 'ही सर्व्हिस कुणाची' या विषयावर मीटिंग सोसली आहे त्याला ही पानं फार आवडतील.

मग येतो नवा करार. ॲन्ड्र्यूचं आयुष्यातलं मोठं काम हे. उपलब्ध चिनी भाषांतरं त्याला पटत नव्हती. साध्या माणसाला वाचता येईल अशा बोलभाषेत, मूळ ग्रीकवरून, त्याने स्वतः भाषांतर केलं. समितीच्या भाषांतरांवर त्याचा विश्वास नव्हता. तो आयुष्यभर त्यात दुरुस्त्या करत राहिला, नवी आवृत्ती छापत राहिला. आणि छपाईचा खर्च जायचा घरखर्चातून. मुलांना माहीत होतं ते एवढंच, की 'नवा करार' नावाची एक गोष्ट आहे आणि ती सगळे पैसे खाते. पर्लला अमेरिकन मेलऑर्डर कॅटलॉगमधली एक बाहुली हवी होती. ती कधी आली नाही.

मी हे वाचताना बापाच्या बाजूला थोडा झुकलो, हे मान्य केलं पाहिजे. भाषेसाठी, एका मजकुरासाठी तीस-चाळीस वर्षं झिजणारा माणूस मला आवडतो. एखादं ओपन सोर्स प्रोजेक्ट एकटा चालवणारा कुणीतरी असतो ना, पहाटे तीनला बग फिक्स करणारा, ज्याचं कौतुक आपण सगळे करतो. त्याच्या घरी कुणाला काय हवं होतं हे आपण विचारत नाही. पर्ल बक विचारते. आणि विचारून झाल्यावर कामाची किंमत कमी करत नाही. बाहुली आणि ग्रीक व्याकरण ती एकाच पानावर ठेवते. बेरीज करत नाही. 'द एक्झाइल'मध्ये ती बेरीज करून देते, म्हणून ते लहान पुस्तक आहे. इतकं स्पष्ट बोलणं आईवरच्या पुस्तकाबद्दल जिवावर येतं, पण मला ते तसंच वाटतं.

मराठी वाचक म्हणून ही दोन पुस्तकं वाचताना तिसरं एक पुस्तक डोक्यात चालूच असतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. योगायोग असा की त्याचे भागही याच सुमाराला, १९३४ पासून पुढे, येत होते. काळ तोच. घर तसंच. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या कामात होते. देवाच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेला नवरा, घरात टिकत नसलेले पैसे, अचानक घरी येऊन राहणारी माणसं, कधी उठून कुठे जाईल याचा नेम नाही, आणि हे सगळं निभावणारी बायको. आणि नव्या देशाचं म्हणाल तर लक्ष्मीबाईंना त्यासाठी जहाजात बसावं लागलं नाही. ज्या घरात सोवळं पाळायचं त्या घरातून ख्रिस्ती वस्तीत जाणं हा शांघायपेक्षा लांबचा प्रवास होता. त्याही पाच वर्षं अंतर राखून, स्वतःचं स्वतः ठरवून मग ख्रिस्ती झाल्या, १९०० साली.

पण फरक केवढा! लक्ष्मीबाई स्वतः लिहितात, आणि हसत हसत लिहितात. टिळकांचा वेडेपणा, स्वतःची फजिती, सोवळ्याचे हट्ट, सगळ्यावर हसतात, आणि म्हणून टिळक त्यांच्या पुस्तकात राक्षस होत नाहीत, संतही होत नाहीत. कॅरीला लिहायला मिळालं नाही. 'द एक्झाइल'मध्ये मधूनच कळतं की ती फार विनोदी होती, नकला करायची, तिच्या संतापालाही धार होती. ते आपल्याला कुणीतरी दुसरं सांगतं. तिने स्वतः लिहिलं असतं तर चहाच्या प्रसंगातला पाऊस कदाचित तिनेच कापला असता. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या माणसाला 'द एक्झाइल'मध्ये जी उणीव जाणवते ती हीच आहे. कॅरीचं हसू पुस्तकात आहे, पण ऐकू येत नाही.

आणि चिनी माणसं? दोन्ही पुस्तकांवर हा आक्षेप घेता येतो आणि घ्यायला हवा. गोष्ट चीनमध्ये घडते, पण चिनी माणसं बहुतेकदा दारात उभी आहेत. काही मागायला आलेली, किंवा मारायला आलेली. 'द गुड अर्थ' लिहिणाऱ्या लेखिकेकडून हे अपेक्षित नव्हतं. अपवाद वांग आमा. तैपिंग बंडाच्या धामधुमीत घरदार गमावलेली, त्यानंतरचं आयुष्य बऱ्या-वाईट वाटांनी काढलेली बाई. मिशनमधल्या इतर बायका तिच्याकडे नाक मुरडून बघत असतानाही कॅरीने तिला कामाला ठेवलं. पर्लला चिनी भाषा आली ती हिच्या कुशीत, आणि चिनी गोष्टी आल्या त्याही. या घरात खरीखुरी हद्दपार बाई कोण, असं मला कुणी विचारलं तर मी हिचं नाव घेईन. तिला जायला व्हर्जिनियासुद्धा नव्हता. पण या घराच्या गोष्टीत ती शेवटी 'आमची वांग आमा' एवढीच राहते.

एक प्रसंग मात्र हे सगळं उलटं करून टाकतो. १९२७ साली नानजिंगमध्ये सैनिकांनी परदेशी लोकांवर हल्ले केले. पर्ल, तिचं कुटुंब आणि पंचाहत्तरीला आलेला ॲन्ड्र्यू, सगळे जीव मुठीत धरून एका गरीब चिनी बाईच्या झोपडीत लपले. ती स्वतःहून त्यांना न्यायला आली होती. एक छोटी अंधारी खोली. बाहेर त्यांचं घर लुटलं जात होतं. लोकांना वाचवायला आलेल्या माणसाला आता कुणीतरी वाचवत होतं. ॲन्ड्र्यूला त्यात काही विशेष दिसलं नाही. देवाने योजना केली, एवढाच अर्थ. त्याच्या दृष्टीने ती बाई निमित्त होती. मुलीला मात्र ती बाई दिसली. तिची उपकाराची जाणीव पुढे अनेक ठिकाणी येते. मला वाटतं १९३२च्या त्या भाषणाचं बी इथे आहे.

उतारवयात ॲन्ड्र्यूचं काम तरुण मिशनऱ्यांनी काढून घेतलं. त्याची पद्धत जुनी झाली होती. मुलीने त्याला नानजिंगला आपल्याकडे आणलं आणि धर्मशाळेच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाचं काम त्याला मिळेल असं पाहिलं. बापाची बाजू मांडण्यासाठी मुलगी किती जणांशी भांडली असेल! तीच मुलगी, जी त्याच्या धर्मावरचा विश्वास गमावून बसली होती. 'द गुड अर्थ' छापून आली तेव्हा तिने ती बापाच्या हातात दिली. त्याने चाळली आणि आपल्याच्याने हे वाचून होणार नाही म्हणून परत केली. यावरही ती रागावून लिहीत नाही. १९३१च्या उन्हाळ्यात तो लुशानच्या डोंगरावर वारला. यांगत्सेला महापूर आला होता, मुलीला पोहोचता आलं नाही.

कॅरीच्या शेवटच्या आजारात तिला नवरा जवळ नको होता, हे 'द एक्झाइल'च्या शेवटी येतं. तिने प्रार्थनागीतंही नको म्हटली. चाळीस वर्षं ज्या गीतांसाठी ऑर्गन घरोघर वाहून नेला, ती गीतं. तिथे पुस्तक पहिल्यांदा निवडून बोलणं थांबवतं आणि मला ते दोन-चार पानांपुरतं 'फायटिंग एंजल'च्या तोडीचं वाटलं.

'एक्झाइल' हे नाव कुणाला लागू पडतं याचा विचार दोन्ही पुस्तकं मिटल्यावरही चालू राहतो. आई झेंजियांगच्या मातीत गेली, जिथे तिने आपली झाडं लावली होती. बाप कुठेच परका नव्हता, कारण तो कुठेच राहत नव्हता. राहिली मुलगी. अमेरिकेत तिला लोक चीनची म्हणत आणि चीनमध्ये ती परदेशी होती. पुस्तकं छापली तेव्हा ती पेनसिल्व्हेनियातल्या शेतघरात राहत होती आणि पुन्हा चीनला जाऊ शकली नाही. १९७२ साली निक्सन चीनला जाऊन आले त्या वर्षी तिने व्हिसा मागितला, ऐंशी वर्षांची होती. चीन सरकारने नाकारला. १९७३ साली ती गेली. तिच्या थडग्याच्या दगडावर इंग्रजी अक्षरांत नाव नाही. चिनी लिपीत आहे.

वाचायची असतील तर मी म्हणेन आधी 'द एक्झाइल' वाचा, कारण आधी आईच्या बाजूने रडून घेतलं पाहिजे. मग 'फायटिंग एंजल'. पंचवीस पानांचा उल्लेख दुसऱ्या पुस्तकात आहे. बापाला न आठवलेल्या मुलाचं नाव क्लाइड होतं. तो गेला तेव्हा पर्ल सहा वर्षांची होती.